विश्लेषण : कवटीतील छिद्रे प्रत्येकाची वेगळी, सुई किंवा ड्रिल चालवण्याआधी डॉक्टर ती का शोधतात?

दाढ काढण्यासाठी इंजेक्शन दिले, पण जबडा बधिरच झाला नाही. नाकातून वाहणारे रक्त थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, पण आठवडाभरात घोळणा पुन्हा फुटला. अशा वेळी रुग्णाचा पहिला संशय डॉक्टरांच्या हातावर किंवा औषधावर जातो. अनेकदा कारण तिसरेच असते. मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी ज्या छिद्रातून हाडाबाहेर येते, ते छिद्र त्या रुग्णात पुस्तकात दाखवलेल्या जागी नसते किंवा एकाऐवजी दोन असतात.

कवटीतील छिद्रांचे हे वेगळेपण म्हणजे आजार नव्हे. अनेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. मात्र त्या भागात सुई, दुर्बीण किंवा ड्रिल जाणार असेल, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो. ओठाची संवेदना, डोळ्याची नजर आणि कधी जीवही त्यावर अवलंबून असतो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत नागपूरने या छिद्रांचे महत्त्व फार जवळून पाहिले. ही छिद्रे कोणती, ती वेगळी का होतात आणि रुग्णाने काय लक्षात ठेवावे, हे समजून घेऊ.

कवटीला छिद्रे कशासाठी?

शरीराला नऊ दारे असतात, असे आपल्याकडे म्हणतात. त्यातली सात एकट्या डोक्यात आहेत : दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या आणि तोंड. पण त्वचा आणि स्नायू बाजूला करून कवटी पाहिली, तर तिच्यात याहून कितीतरी जास्त लहान-मोठी दारे दिसतात. चेहऱ्याची १४ आणि मेंदूभोवतीची ८ अशा २२ हाडांनी कवटी बनते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा यांना आत-बाहेर करण्यासाठी वाट लागते. ती वाट म्हणजे ही छिद्रे. मराठीत त्यांना रंध्र आणि वैद्यकीय भाषेत 'फोरामेन' म्हणतात.

सर्वांत मोठे छिद्र कवटीच्या तळाशी असते. त्याचे नाव फोरामेन मॅग्नम. पुढून मागे साधारण ३५ मिलिमीटर आणि रुंदीला साधारण ३० मिलिमीटर असलेल्या या छिद्रातून मेंदूचा शेवटचा भाग खाली उतरून मज्जारज्जू होतो. त्याच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना फोरामेन ओव्हेल हे लंबगोल छिद्र असते. त्याची लांबी साधारण ७ आणि रुंदी ४ मिलिमीटर. त्याला लागूनच फोरामेन स्पायनोसम असते, मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठे.

यातले एक छिद्र घरबसल्या तपासता येते. भुवईखालच्या हाडाच्या कडेवर, नाकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलके बोट फिरवा. मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर अनेकांना छोटी खाच लागते. कपाळाला संवेदना देणारा मज्जातंतू तिथून वर जातो. काहींना खाच लागतच नाही, कारण त्यांच्यात तिच्याऐवजी हाडातच बंद छिद्र असते. काहींच्या एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला छिद्र असते. म्हणजे एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूही सारख्या असतील याची खात्री नाही. कपाळ बधिर करण्याचे इंजेक्शन देताना किंवा भुवईच्या भागात शस्त्रक्रिया करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हे वेगळेपण येते कुठून?

भिंत बांधून झाल्यावर तिला भोक पाडून वायर टाकावी, तशी ही छिद्रे बनत नाहीत. गर्भात क्रम उलटा असतो. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आधी आपापल्या जागी पोहोचतात आणि हाड त्यांच्याभोवती नंतर तयार होते. आधी वायर, मग तिच्याभोवती काँक्रीट, असा हा प्रकार आहे.

त्यामुळे हाड तयार होण्याआधीच एखाद्या मज्जातंतूला फाटा फुटला असेल, तर त्या फाट्याभोवती स्वतंत्र छिद्र राहते. एखादी रोहिणी नेहमीच्या मार्गाऐवजी दुसरीकडून आली, तर नेहमीचे छिद्र तयारच होत नाही. दोन शेजारच्या छिद्रांमधील हाडाचा पातळ पडदा अपुरा राहिला, तर दोन्ही मिळून एक होतात. कधी दोन हाडांना जोडणाऱ्या तंतुमय पट्ट्यात कॅल्शियम साचते, तो पट्टा हाडासारखा कडक होतो आणि मूळ छिद्रासमोर आडवी सळई उभी राहते.

पुस्तकातील आकृती म्हणजे अनेक कवट्यांवरून काढलेला सर्वसाधारण नकाशा असतो. सिमेंट रस्त्यांसाठी होणारे खोदकाम नागपूरकरांना नवे नाही. नकाशात केबल दोन फूट डावीकडे असते आणि जेसीबीच्या दातात ती भलतीकडेच सापडते. शस्त्रक्रियागृहात हा धोका पत्करता येत नाही, म्हणून प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा नकाशा आधी पाहावा लागतो.

दंतवैद्याच्या खुर्चीत नेमके काय होते?

कवटीतील छिद्रांशी सर्वसामान्य माणसाचा सर्वाधिक संबंध येतो तो दातांच्या उपचारात. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला मँडिब्युलर फोरामेन असते. त्यातून मज्जातंतू जबड्याच्या हाडात शिरतो, हाडाच्या आतल्या बोगद्यातून पुढे सरकत दातांना संवेदना देतो आणि हनुवटीच्या बाजूला मेंटल फोरामेनमधून बाहेर येऊन खालच्या ओठाकडे जातो. खालची दाढ काढताना डॉक्टर ज्या ठिकाणी इंजेक्शन देतात, ते या पहिल्या छिद्राच्या जवळ असते.

हे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. तोंडातील खुणांवरून त्याची जागा अंदाजाने ठरवावी लागते. ते वर-खाली किंवा मागे-पुढे असेल तर औषध मज्जातंतूपासून दूर पडते. काहींच्या जबड्यात एकाऐवजी दोन बोगदे असतात. मुख्य मज्जातंतू बधिर होतो, पण दुसऱ्या बोगद्यातून जाणारा फाटा जागाच राहतो. रुग्ण म्हणतो, 'ओठ जड झाला, पण दाढ दुखतेच आहे.' त्याचे म्हणणे खरे असू शकते.

मेंटल फोरामेनचेही तसेच. भारतीयांच्या जबड्यात ते बहुधा दुसऱ्या उपदाढेच्या खाली आढळते. युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र ते दोन उपदाढांच्या मध्ये जास्त वेळा दिसते. त्यामुळे परदेशी पुस्तकातील जागा इथल्या रुग्णाला जशीच्या तशी लागू पडतेच असे नाही. काहींत मुख्य छिद्राशेजारी आणखी एखादे छोटे छिद्र असते. काहींत मज्जातंतू बाहेर पडण्याआधी थोडा पुढे जाऊन वळसा घेऊन मागे येतो. कृत्रिम दाताचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट बसवताना हे लक्षात आले नाही, तर खालचा ओठ आणि हनुवटी सुन्न पडू शकते. हा सुन्नपणा कधी काही आठवड्यांत जातो, कधी कायमचा राहतो. चहा पिताना ओठावरून ओघळ आला तरी कळत नाही, दाढी करताना कापले तरी जाणवत नाही. म्हणून खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवण्याआधी कोन-बीम सीटी म्हणजे सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे काढण्याचा सल्ला दिला जातो.

खर्ऱ्याचा याच्याशी काय संबंध?

नागपूर आणि विदर्भात हा विषय आणखी अवघड होतो तो खर्ऱ्यामुळे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणाऱ्या खर्ऱ्याने तोंडाच्या आतल्या आवरणाखाली कडक तंतू तयार होतात. सबम्युकस फायब्रोसिस नावाच्या या आजारात तोंड हळूहळू उघडेनासे होते. पाणीपुरी तोंडात जात नाही, पुढे घासही नीट जात नाही.

अशा रुग्णाच्या तोंडात बोट घालून खुणा चाचपणे आणि नेहमीच्या मार्गाने इंजेक्शन देणे शक्य नसते. त्यासाठी तोंड मिटलेले असतानाच वरच्या दाढांच्या बाजूने सुई मागे नेण्याची पद्धत वापरली जाते. वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती वझिरानी-अकिनोसी पद्धत म्हणून ओळखली जाते. या पद्धतीत सुईच्या टोकाला हाडाचा आधार लागत नाही. त्यामुळे तिथली रचना माहीत असणे अधिकच आवश्यक ठरते.

खर्रा आणि गुटख्याचा पुढचा टप्पा अनेकदा तोंडाचा कर्करोग असतो. काही गाठी मज्जातंतूच्या आवरणाला धरून वर सरकतात. मेंटल किंवा मँडिब्युलर फोरामेनमधून सुरू झालेला हा प्रवास फोरामेन ओव्हेलमार्गे थेट मेंदूच्या तळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये रेडिओलॉजिस्ट हे छिद्र रुंदावले आहे का, हे आवर्जून पाहतात. एखाद्याचे फोरामेन ओव्हेल मुळातच मोठे असू शकते. ते जन्मतः मोठे आहे की आजाराने रुंदावले, हे ओळखता आले नाही, तर उपचारांची दिशा चुकते.

चेहऱ्यावर वीज चमकल्यासारखी कळ येते, तेव्हा?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या आजारात चेहऱ्याच्या एका बाजूला क्षणभर विजेचा झटका बसावा तशी कळ येते. दात घासणे, तोंड धुणे, वाऱ्याची झुळूक, एवढेही कारण पुरते. दुखणे दाताचेच आहे असे वाटून काही रुग्ण एक-दोन दात काढूनही घेतात. पहिला उपचार औषधांचा असतो. त्यांनी आराम पडला नाही, तर मज्जातंतूवरील उपचाराचा विचार होतो. त्यातील एका प्रकारात गालातून लांब सुई घालून ती फोरामेन ओव्हेलमधून आत नेली जाते आणि मज्जातंतूचा वेदना वाहणारा भाग उष्णतेने, औषधाने किंवा छोट्या फुग्याच्या दाबाने निष्क्रिय केला जातो.

हा मार्ग जर्मन शल्यचिकित्सक फ्रिट्झ हार्टेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केला. तोंडाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर बाहेर सुई टोचायची आणि डोळ्याची बाहुली व कान यांच्या खुणांवरून दिशा धरायची, ही पद्धत आजही वापरली जाते. लक्ष्य मात्र काही मिलिमीटरचेच आहे. सुई मागे आणि आतल्या बाजूला गेली तर मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड रोहिणी, आणखी मागे गेली तर ज्युग्युलर फोरामेनमधील मोठी शीर आणि पुढे गेली तर डोळ्याच्या खोबणीकडे जाणारी फट लागू शकते.

काहींचे फोरामेन ओव्हेल लंबगोलाऐवजी फटीसारखे अरुंद असते. काहींत त्याच्यासमोर हाडाची ती आडवी सळई असते. अशा रुग्णात अनुभवी हाताची सुईही छिद्राशी जाऊन अडते. आधीच्या सीटी स्कॅनमध्ये सळई दिसली असेल, तर डॉक्टर कोन बदलतात, स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुई नेतात किंवा वेगळा उपचार निवडतात.

छिद्रच नसेल तर?

छिद्र जास्त असणे समजू शकते. पण छिद्र नसणे हीदेखील माहितीच असते. फोरामेन स्पायनोसममधून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल रोहिणी आत जाते. काही थोड्या लोकांत ही रोहिणी नेहमीच्या जागेऐवजी डोळ्याला रक्त देणाऱ्या रोहिणीतून निघते. मग हे छिद्र फार लहान राहते किंवा नसतेच.

आता याचा उपयोग पाहा. वयस्कर माणूस घरात घसरतो, डोक्याला किरकोळ मार लागतो आणि काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचल्याचे लक्षात येते. कवटीला छोटे भोक पाडून ते काढणे हा जुना उपचार. अलीकडे साचणे पुन्हा होऊ नये म्हणून मिडल मेनिंजियल रोहिणी आतून बंद करण्याची पद्धत पुढे आली असून २०२४ मध्ये तिच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोहिणी बंद करणारे द्रव्य नळीतून सोडले जाते. त्या रोहिणीचे डोळ्याच्या रोहिणीशी नाते असेल, तर तेच द्रव्य दृष्टिपटलाकडे जाऊन नजर कायमची जाण्याचा धोका असतो. स्कॅनमध्ये न दिसणारे दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र हा इथे आधीच मिळणारा इशारा असतो.

हेच छिद्र नसणे कानाच्या शस्त्रक्रियेतही सूचक असते. गर्भावस्थेत मध्यकर्णातून जाणारी आणि पुढे नाहीशी होणारी एक छोटी रोहिणी फार थोड्या लोकांत तशीच राहून जाते. तेव्हाही फोरामेन स्पायनोसम दिसत नाही. कानातील सूक्ष्म हाडावर काम करताना ती अनपेक्षितपणे समोर आली, तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

नागपूरचा उन्हाळा आणि घोळणा

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, हवा कोरडी झाली की घोळणा फुटण्याच्या तक्रारी वाढतात. बहुतेक वेळा रक्त नाकाच्या पुढच्या भागातून येते आणि त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. घरोघरी रुग्णाला आडवे करून कांदा हुंगवला जातो. मात्र डोके मागे टाकले की रक्त घशात उतरते. त्यापेक्षा बसून थोडे पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग बोटांनी घट्ट धरून १० ते १५ मिनिटे तोंडाने श्वास घ्यावा. रक्त तरीही थांबले नाही किंवा रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर रुग्णालय गाठावे.

काही रुग्णांत, विशेषतः वयस्कर आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत, रक्त नाकाच्या मागच्या भागातून येते. तिथे स्फेनोपॅलटाइन फोरामेनमधून एक रोहिणी नाकात शिरते. पॅकिंग करूनही रक्त थांबत नसेल, तर दुर्बिणीने ही रोहिणी शोधून बंद केली जाते. अडचण अशी की अनेकांत ही रोहिणी छिद्रातून बाहेर पडताना आधीच दोन-तीन फाट्यांत विभागलेली असते आणि काहींत शेजारी दुसरे छोटे छिद्रही असते. एक फाटा बंद केला आणि दुसरा राहिला, तर रक्त पुन्हा सुरू होते. म्हणूनच पहिली शाखा सापडल्यावरही शल्यचिकित्सक आजूबाजूचे आवरण उचलून आणखी शाखा आहेत का, हे तपासतात.

२०२१ मध्ये बुरशीने कोणता रस्ता धरला?

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस म्हणजे 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला. राज्यात जास्त रुग्ण आढळलेल्या जिल्ह्यांत नागपूर होते. मेडिकल आणि मेयोसह शहरातील रुग्णालयांत या रुग्णांवर उपचार झाले. केंद्राने मे २०२१ मध्ये राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनच्या टंचाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आणि वर्ध्यातील कंपनीत या औषधाचे उत्पादन सुरू झाले.

त्या काळात कुटुंबीयांना सर्वाधिक पडलेला प्रश्न होता : नाकात झालेल्या आजारासाठी डोळा का काढावा लागतो? उत्तर याच छिद्रांमध्ये आहे. बुरशी नाक आणि सायनसमध्ये रुजते आणि रक्तवाहिन्यांना धरून पसरते. स्फेनोपॅलटाइन फोरामेनमधून ती गालाच्या हाडामागच्या एका छोट्या पोकळीत पोहोचते. ही पोकळी चौकासारखी आहे. तिथून एक फट डोळ्याच्या खोबणीत उघडते, एक मार्ग टाळूकडे उतरतो आणि एक छिद्र थेट कवटीच्या आत जाते. गाल सुन्न पडणे, वरचे दात हलणे, टाळू काळी पडणे, डोळ्याभोवती सूज येणे ही लक्षणे एकाच आजाराची का होती, हे या चौकाकडे पाहिले की समजते. गालाचा सुन्नपणा हा तर डोळ्याखालच्या छिद्रातून बाहेर येणाऱ्या मज्जातंतूचा इशारा होता.

बुरशी लागलेले हाड आणि ऊती काढताना शल्यचिकित्सकांना या प्रत्येक वाटेचा माग घ्यावा लागला. त्यातही दृष्टीचा मज्जातंतू ज्या हाडी नळीतून जातो, तिचे आवरण काहींत कागदासारखे पातळ असते किंवा एखाद्या जागी नसतेच. काहींत सायनसचा एक कप्पा या मज्जातंतूच्या वरपर्यंत पसरलेला असतो. हंगेरियन डॉक्टर ओनोडी यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्कॅन न पाहता तिथे उपकरण चालवणे म्हणजे नजरेशी खेळ. आजही पॉलिपसारख्या साध्या वाटणाऱ्या सायनसच्या शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन मागितला जातो, त्यामागे हे एक कारण आहे.

कानामागची शीर आणि मोठे उजवे छिद्र

कानामागच्या हाडात मॅस्टॉइड फोरामेन असते. त्यातून कवटीच्या आतील आणि बाहेरील शिरांना जोडणारी छोटी शीर जाते. काहींत हे छिद्र नसते, काहींत एकाच बाजूला दोन-तीन असतात. शीर मोठी असेल आणि ती अचानक फाटली, तर कानाच्या किंवा मेंदूच्या मागच्या भागातील शस्त्रक्रियेत बराच रक्तस्राव होतो. रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया करताना उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याचीही भीती असते. आधी माहीत असेल, तर बोन वॅक्स हाताशी ठेवून ती शीर नियोजनपूर्वक बंद करता येते.

वेगळेपणामुळे उगाच भीती वाटण्याचेही उदाहरण आहे. मेंदूतील रक्त परत नेणारी मोठी शीर ज्या ज्युग्युलर फोरामेनमधून बाहेर पडते, ते बहुतेक लोकांत उजव्या बाजूला मोठे असते, कारण रक्ताचा जास्त प्रवाह त्या बाजूने जातो. या भागात गाठ झाली तरी छिद्र मोठे होते. फरक कडांत असतो. नैसर्गिकरीत्या मोठ्या छिद्राची कड गुळगुळीत राहते, गाठीने कुरतडलेली कड खडबडीत दिसते.

मान आणि डोके जिथे जुळते

फोरामेन मॅग्नमच्या लगेच खाली मानेचा पहिला मणका असतो. मेंदूला रक्त देणाऱ्या दोन रोहिण्या या मणक्यावरून वळण घेऊन त्या मोठ्या छिद्रातून आत जातात. हे दोन भाग अस्थिर झाले, तर मज्जारज्जूवर दाब येऊन हातपाय लुळे पडू शकतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी पहिला आणि दुसरा मणका स्क्रू व पट्टीने जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती आज जगभर गोयल यांच्या नावाने ओळखली जाते.

इथेही एक छिद्र सापळा ठरू शकते. काहींच्या पहिल्या मणक्यावर रोहिणीवरून हाडाची कमान तयार झालेली असते आणि तिच्याखाली जादा छिद्र राहते. वरून पाहिले तर हाड जाड आणि स्क्रूसाठी योग्य वाटते. प्रत्यक्षात त्याच्या आत रोहिणी असते. शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनमध्ये ही कमान शोधणे म्हणून आवश्यक मानले जाते.

ही माहिती येते कुठून?

वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात ठेवलेल्या कवट्या हा या ज्ञानाचा जुना आधार आहे. व्हर्नियर कॅलिपरने छिद्रे मोजायची, डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करायची आणि नोंदी प्रसिद्ध करायच्या, असे अभ्यास देशभर होतात. इथल्या लोकांच्या कवट्यांवरील नोंदी महत्त्वाच्या, कारण मेंटल फोरामेनच्या उदाहरणात दिसले तसे परदेशी आकडे इथे चालतीलच असे नाही. या अभ्यासांना एक मर्यादाही आहे. जुन्या कवट्यांचे वय आणि लिंग बहुधा माहीत नसते. आता जिवंत रुग्णांच्या सीटी स्कॅनवर असेच मोजमाप होत असल्याने ही उणीव भरून निघते.

तरीही स्कॅन पाहणे आणि हाड हातात घेणे यात फरक आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून मिहानमधील एम्सपर्यंत, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कवटी हातात घेऊनच ही छिद्रे शिकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार बेवारस आणि दान केलेले मृतदेह महाविद्यालयांना अभ्यासासाठी मिळतात. देहदानाची इच्छा असलेल्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे अर्ज भरून ठेवावा आणि कुटुंबीयांना त्याची कल्पना द्यावी. ऐनवेळी निर्णय त्यांनाच अमलात आणायचा असतो.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

स्कॅनच्या रिपोर्टवर 'नॉर्मल व्हेरिएंट' लिहिलेले दिसले, तर घाबरू नये. त्याचा अर्थ रचना वेगळी आहे, पण आजार नाही. मात्र तो रिपोर्ट फेकूनही देऊ नये. पुढे त्या भागात शस्त्रक्रिया झाली, तर ती ओळ उपयोगी पडते.

फिल्मसोबत स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्यावी. फिल्मवर निवडकच चित्रे असतात. सीडीत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांची मालिका असू शकते आणि शल्यचिकित्सकाला छिद्रे त्यातच नीट दिसतात. केवळ मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा फोटो दाखवल्याने हे काम होत नाही.

पूर्वी दाताच्या इंजेक्शनने जबडा बधिर झाला नसेल, तर पुढच्या वेळी दंतवैद्याला आधीच सांगावे. दुसरी पद्धत उपलब्ध असते. इम्प्लांट किंवा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेआधी मज्जातंतू किती अंतरावर आहे, हे विचारावे. उपचारानंतर बधिरपणाचा परिणाम ओसरण्याची वेळ उलटूनही ओठ सुन्न राहिला, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. इम्प्लांटचा दाब मज्जातंतूवर असेल, तर तो लवकर काढल्यास संवेदना परत येण्याची शक्यता वाढते.

सायनस, कान किंवा कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेआधी 'माझ्या स्कॅनमध्ये काही वेगळे आहे का आणि त्यासाठी तयारी काय आहे?' एवढा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधीची ती योग्य वेळ आहे.